वाचकांचे प्रश्न : आदमने मुलगा का दिला?

खानापूर तालुक्यातील एका गावात वाचनालय आणि महिला मंडळाने मिळून, शाळेच्या सभागृहात, मध्य आफ्रिकेतील चाड या देशाचा एक कौटुंबिक चित्रपट गावकऱ्यांना दाखवला. त्या संध्याकाळी मी तेथे होते. त्यानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे त्याच चित्रपटाबद्दलची आहेत. काही त्या गावातून, काही बेळगाव शहरातून, काही निपाणी आणि हल्याळकडून आली आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या एका चित्रपटालाच देत आहे.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. चित्रपट २०१० सालचा, दिग्दर्शक महामत-सालेह हारून. फ्रेंच नाव ‘अं ऑम की क्री’, इंग्रजीत ‘अ स्क्रीमिंग मॅन’, म्हणजे आक्रोश करणारा माणूस. एन्जामेना या राजधानीच्या शहरातील एका मोठ्या हॉटेलात आदम नावाचा, वयाने उतारावर आलेला माणूस पोहण्याचा तलाव सांभाळतो. तरुणपणी तो जलतरणातील विजेता होता आणि लोक अजून त्याला ‘चॅम्पियन’ म्हणूनच हाक मारतात. त्याचा एकुलता एक मुलगा अब्देल त्याच तलावावर त्याचा मदतनीस आहे. हॉटेलचे नवे मालक खर्च कमी करतात, तलावाचे काम मुलाला देतात आणि बापाला फाटकावर पहारेकरी म्हणून उभे करतात. त्याच सुमारास देशात यादवी पेटलेली असते, आणि गल्लीचा प्रमुख आदमकडे युद्धनिधी मागत असतो: पैसे दे, नाहीतर मुलगा दे. आदमकडे पैसे नसतात. सैनिक येतात, मुलाला ओढून नेतात, आणि आदम घराबाहेर येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तलाव पुन्हा त्याचा होतो.

प्रश्न : आमच्या गावात एक गल्ली अशी नाही की जिथे फौजीचे घर नाही. चित्रपटात मुलाला ओढून नेतात त्या प्रसंगी आमचे मेजरकाका उठून बाहेर गेले आणि सभागृहात कुजबूज सुरू झाली. काही वडीलधाऱ्यांनी नंतर आम्हाला सुनावले की, फौजी घरांच्या गावात असा चित्रपट दाखवायलाच नको होता. आमची चूक झाली का? (वाचनालयाचा एक कार्यकर्ता, खानापूर तालुका)

उत्तर : तुमची चूक झाली असे मला वाटत नाही, आणि असे का वाटत नाही ते नीट सांगणे माझे काम आहे, कारण ज्यांनी तुम्हाला सुनावले त्यांच्या मनातली काळजीही खरी आहे. ज्या जिल्ह्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, ज्या रेजिमेंटची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते, जिथे पहाटे पाच वाजता भरतीची तयारी करणारी मुले रस्त्याने धावताना दिसतात आणि जिथे देव्हाऱ्याशेजारी गणवेशातला फोटो लावलेला असतो, त्या जिल्ह्यात बापाने मुलगा सैन्याला देण्याची गोष्ट ही परक्या देशाची गोष्ट म्हणून कोणी पाहणार नाही.

परंतु आदमची गोष्ट आणि आपल्या फौजी घरांची गोष्ट यांत एक मोठा फरक आहे, आणि तो चित्रपट सुरू होण्याआधी दोन वाक्यांत सांगितला असता तर बरे झाले असते. आपल्याकडे मुलगा स्वतः भरतीला जातो. छातीचे माप, धावणे, लेखी परीक्षा हे सारे पार करून जातो. २०२२ पासून अग्निपथ योजनेत तो चार वर्षांसाठी जातो, तरी जातो तो स्वतःच्या पायांनी. अब्देलला कोणी विचारलेले नाही. त्याच्या देशात सरकार आणि बंडखोर यांच्यात एकाच मातीतल्या माणसांची लढाई चालली आहे; २००८ च्या फेब्रुवारीत बंडखोर खुद्द राजधानीत घुसले होते. दिग्दर्शक हारून यांनाही तरुणपणी, त्याआधीच्या एका यादवीमुळे, जखमी अवस्थेत देश सोडावा लागला होता. तेव्हा हा चित्रपट सैनिकाविरुद्ध नाही. तो एका बापाबद्दल आहे.

आता मेजरांबद्दल. ते उठले तेव्हा त्यांच्यामागोमाग मीही व्हरांड्यात गेले, कारण त्यांना बरे वाटत नसेल अशी मला शंका आली. व्हरांड्यात चपलांचा मोठा ढीग होता आणि ते त्या ढिगाकडे पाहत, हात मागे बांधून उभे होते. मी काही विचारण्याआधी त्यांनीच मला विचारले, “पोरगा परत आला काय?” मी सांगितले की, बाप त्याला आणायला निघतो, मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारमधून. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ते दारापर्यंत आले आणि शेवटपर्यंत चौकटीला टेकून उभे राहिले. आत येऊन बसले नाहीत, आणि घरीही गेले नाहीत. ज्या माणसाला मुलगा परतला की नाही हे कळल्याशिवाय घरी जाववत नाही, त्याला चित्रपट दाखवून त्याचा अपमान झाला असे मी म्हणू शकत नाही.

तुम्हाला ज्यांनी सुनावले त्यांच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगा. या चित्रपटाचा पहिला अर्धा भाग युद्धाचा नाहीच. तो नोकरीचा आहे. फाटकावर उभ्या राहिलेल्या आदमला दुसऱ्या कोणाचा तरी, मापात न बसणारा गणवेश घालावा लागतो. गाड्या आत येतात, गाड्या बाहेर जातात, हॉर्न वाजत राहतात, आणि तो म्हातारा एका आडव्या दांड्यापासून दुसऱ्या दांड्यापर्यंत नुसता धावत असतो. त्या प्रसंगी पुढे बसलेली मुले हसली. त्यांच्या मागे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत आयुष्य काढलेले दोन-तीन जण बसले होते. ते हसले नाहीत. त्यांच्यापैकी एकाने नंतर सर्वांसमोर सांगितले की, मोल्डिंगचे काम सुटल्यावर त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहताना त्यांची पहिली चिंता पगाराची नव्हती. जुने सोबती शिफ्टला आत जाताना आपल्याकडे कसे पाहतील, ही होती. आदमने मुलगा का दिला याचे उत्तर त्या फाटकाच्या प्रसंगात आहे. तलाव ही त्याची केवळ भाकरी नव्हती. तो कोण आहे हे सांगणारी जगातली एकमेव जागा होती. ती जागा ज्याने घेतली तो त्याचाच मुलगा निघाला, आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन तोच मुलगा मागितला. हारून यांनी त्याला निर्णय घेताना दाखवलेला नाही. मुलाला नेले जात असताना तो आत थांबतो, एवढेच दाखवले आहे. मनुष्य पाप असेच करतो, न बोलता, आत थांबून; हे मला या चित्रपटाचे सर्वांत मोठे सत्य वाटते, आणि गावाने ते एकत्र बसून पाहिले याचा मला मनापासून आनंद आहे.

पुढच्या वेळी एवढे मात्र करा की, ज्या घरातला मुलगा ड्यूटीवर असताना गेला आहे, त्या घरी आदल्या दिवशी कोणीतरी वडीलधारे जाऊन कथा सांगून या. यायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या. परस्पर न बोलावणे जितके वाईट, तितकेच न सांगता बोलावणेही वाईट आहे.

प्रश्न : संपूर्ण चित्रपटात आदम एकदाही ओरडत नाही. मग ‘आक्रोश करणारा माणूस’ हे नाव कशासाठी? आमच्या मंडळात यावरून दोन तट पडले आहेत. (एक शिक्षिका, शहापूर, बेळगाव)

उत्तर : हे नाव एमे सेझेर या कवीच्या ओळीतून आले आहे. सेझेर हे कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरचे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. मायदेशी परतण्याबद्दलची त्यांची दीर्घ कविता १९३९ मध्ये पहिल्यांदा छापली गेली. तिच्यात ते स्वतःला बजावतात की, हाताची घडी घालून प्रेक्षकासारखे बसू नकोस, कारण आयुष्य हा खेळ नव्हे, आणि आक्रोश करणारा माणूस म्हणजे नाचवलेले अस्वल नव्हे.

आपल्या पिढीने दरवेशी पाहिला आहे. दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा, ते मागच्या पायांवर उभे राहायचे, आणि त्याच्या नाकातल्या वेसणीकडे न पाहता आपण टाळ्या वाजवायचो. त्यामुळे सेझेर यांची ही ओळ आपल्याला समजावून घ्यावी लागत नाही. आदमचा आक्रोश ऐकू येत नाही, तो दिसतो: तलावाच्या काठावर नुसता बसलेला असताना दिसतो, आणि जेवणाच्या वेळी तर फारच दिसतो. सुरुवातीला आदम आणि त्याची बायको मरियम एकमेकांना कलिंगडाच्या फोडी भरवतात, तो प्रसंग आठवा. इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या दोघांत अजून किती गोडी आहे ते त्या एका कलिंगडातून कळते. मुलगा गेल्यावर त्या घरातले जेवण केवळ जेवण उरते. तुमच्या मंडळातील ज्या बाई म्हणाल्या की ‘त्याच्या तोंडावर कुणीतरी ओरडायला हवं होतं’, त्यांना माझा नमस्कार कळवा. त्या चित्रपटाच्या अगदी गाभ्याशी पोचल्या आहेत.

प्रश्न : मराठी उपशीर्षके कोणी केली, आणि ती करताना ‘तू’ की ‘तुम्ही’ हे कसे ठरवले? शिवाय आमच्या आजीला वाचता येत नाही. अशांसाठी काय करावे? आमच्या गावात कन्नड बोलणारी घरेही आहेत. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : उपशीर्षके महिला मंडळातील दोघींनी आणि एका निवृत्त मास्तरांनी, हक्कदारांची संमती घेऊन, इंग्रजी उपशीर्षकांवरून केली. तांत्रिक बाजू अवघड नाही. उपशीर्षकांची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते: अनुक्रमांक, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत, आणि खाली वाक्य. ती यूनिकोडमध्ये जतन करावी आणि देवनागरी नीट दाखवणारा टंक निवडावा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. सर्वांत मोठी चूक होते ती वाक्याच्या लांबीत. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे अक्षर मोठे ठेवावे लागते आणि ओळ लवकर भरते. दोनपेक्षा अधिक ओळी कधीही देऊ नयेत, आणि प्रत्येक उपशीर्षक मोठ्याने वाचून पाहावे. श्वास पुरला नाही तर ते कापावे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यावर मात्र त्या तिघांत चार दिवस चर्चा चालली होती, आणि ती योग्यच होती, कारण इंग्रजीत हा भेद नाही आणि मराठीत तो टाळता येत नाही. आधी अब्देल बापाला ‘बाबा, तुम्ही’ असे म्हणत होता. मास्तरांनी हरकत घेतली: चित्रपटाच्या आरंभीच हे दोघे पाण्याखाली कोण अधिक वेळ श्वास रोखून धरतो याची पैज लावतात; अशी पैज लावणारा मुलगा बापाला ‘तुम्ही’ म्हणेल काय? म्हणून तलावावर ‘तू’ ठेवले. फाटकावरच्या बापाशी बोलताना पुन्हा ‘तुम्ही’ केले, म्हणजे दोघांत पडलेले अंतर मराठी कानाला आपोआप ऐकू आले. हे मूळ चित्रपटात नाही, ही भाषांतरकारांची भर आहे, आणि एरवी मी अशा भरीच्या विरुद्ध असते. येथे मात्र मला ती पटली.

आजींसाठी उपाय आपल्याच गावात आहे. श्रावणात पोथी लावली जाते तेव्हा एक जण वाचतो आणि एक जण अर्थ सांगतो. ज्यांना अशा वाचनाचा सराव आहे अशा एका बाईंनी त्या संध्याकाळी मागच्या कोपऱ्यात, वाचता न येणाऱ्या आठ-दहा जणींच्या मध्ये बसून, हळू आवाजात उपशीर्षके वाचली. अर्थ सांगण्याचे मात्र त्यांनी कटाक्षाने टाळले, आणि हे फार महत्त्वाचे आहे. युगांडात छोट्या व्हिडिओ-घरांतून परदेशी चित्रपट दाखवताना एक निवेदक लुगांडा भाषेत सारे संवाद आणि वर आपले भाष्यही सांगत असतो, लोक त्या निवेदकासाठीच येतात. ती एक स्वतंत्र आणि जिवंत कला आहे. परंतु हारून यांच्या चित्रपटात शांततेलाच काम दिलेले आहे. तेथे निवेदकाने गप्प राहणे हेच त्याचे कौशल्य.

कन्नड भाषक शेजाऱ्यांसाठी शक्य झाल्यास कन्नड उपशीर्षकांची वेगळी फाइल करा आणि दुसऱ्या दिवशी तोच चित्रपट त्यांच्यासाठी लावा, किंवा त्यांच्यातीलच कोणाला तरी असेच कोपऱ्यात बसवून वाचायला सांगा. आपल्या सीमाभागात कोणत्या भाषेचा फलक वर आणि कोणत्या भाषेचा खाली यावरून १९५६ पासून किती मने दुखावली गेली आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. मराठीसाठीचा आपला आग्रह मला प्रिय आहे आणि तो सोडण्याचे काही कारण नाही. पण त्या सभागृहात पडद्यावरचे लोक हॉटेलात फ्रेंच आणि घरी-गल्लीत चाडी अरबी बोलत होते. फ्रेंच आणि अरबी या चाडच्या दोन राजभाषा आहेत, आणि देशात बोलल्या जाणाऱ्या भाषा शंभराहून अधिक आहेत. साहेबाशी एक भाषा, बायकोशी दुसरी, बाजारात तिसरी, हे ज्यांचे रोजचे जगणे आहे ते बेळगावकर, निपाणीकर, खानापूरकर हे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा असा चित्रपट अधिक बारकाईने ऐकतात असा माझा अनुभव आहे. आदम भाषा बदलतो तेव्हा त्याचे खांदे बदलतात, हे माझ्या आधी एका बँकेत शिपाई असलेल्या गृहस्थांच्या लक्षात आले.

प्रश्न : माझ्याकडे एका ऑनलाइन सेवेचे सभासदत्व आहे. त्यावरून टीव्हीला जोडून गावात चित्रपट दाखवला तर चालेल काय? तिकीट लावणार नाही. (तरुण मंडळाचे अध्यक्ष, चंदगड सीमेवरील एक गाव)

उत्तर : चालणार नाही. घरगुती सभासदत्व हे घरात पाहण्यासाठी असते. तिकीट नसले तरी सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कदाराची लेखी परवानगी लागते. त्याखेरीज सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. ज्या परदेशी चित्रपटाला आपल्याकडे प्रमाणपत्र नाही तो महोत्सवात दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. म्हणून हे काम एकट्याने करू नका. एखाद्या फिल्म सोसायटीला सोबत घ्या. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही संस्था १९५९ पासून आहे, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि तिच्याशी संलग्न मंडळांना या वाटा ठाऊक असतात. फ्रेंच भाषक आफ्रिकेतील पुष्कळ चित्रपटांचा संग्रह फ्रान्सच्या ‘आंस्तित्यू फ्रांसे’ या संस्थेकडे आहे आणि तो विनानफा प्रदर्शनासाठी उपलब्ध केला जातो. पुणे किंवा बेंगळुरू येथील आलियाँस फ्रांसेज या फ्रेंच भाषा-संस्कृतीच्या केंद्राकडे चौकशी करावी. उघड्यावर दाखवणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्या आणि रात्री १० च्या आत संपवा. पावसाळ्यात बेत ठरवू नका. आपल्याकडे पाऊस आणि वीज यांचा मेळ कसा असतो ते तुम्ही जाणताच.

प्रश्न : आमच्या भागात सिद्दी कुटुंबे आहेत. आफ्रिकेचा चित्रपट असल्यामुळे त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावे, त्यांचे डमामी नृत्य ठेवावे, असे आमच्या समितीत ठरत आहे. आपला सल्ला काय? (एक प्राध्यापक, हल्याळ)

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, तरीही मी हात जोडून सांगते की असे करू नका.

सिद्दींचे पूर्वज प्रामुख्याने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून, पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातून, गुलाम म्हणून या बाजूला आणले गेले. गोव्यातून निसटलेल्यांनी घाटातल्या जंगलांत आश्रय घेतला. हल्याळ, यल्लापूर, अंकोला, खानापूर, कलघटगी हा त्यांचा मुलूख आहे आणि तो शतकांपासून आहे. ते घरी कोकणी बोलतात, कन्नड आणि मराठीही बोलतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीत स्थान मिळाले ते २००३ मध्ये, आणि बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना तेच स्थान मिळायला २०२० साल उजाडले. एकाच जंगलातल्या माणसांना जिल्ह्याची हद्द पडल्यामुळे सतरा वर्षे थांबावे लागले; सीमेने माणसाचे काय होते हे आपल्याला त्यांच्याइतके कोण सांगणार!

चाड हा देश आफ्रिका खंडाच्या मध्यात आहे, त्याला समुद्रच नाही. सिद्दींच्या पूर्वजांचा किनारा तेथून हजारो किलोमीटर दूर. आफ्रिकेत ५४ देश आहेत, आणि कोण्या सिद्दी आजोबांना एन्जामेनाबद्दल बोलायला सांगणे म्हणजे खानापूरच्या शेतकऱ्याला मंगोलियाबद्दल बोलायला सांगण्यासारखे आहे. चित्रपटाच्या दिवशी त्यांना नाचायला लावले तर आपण त्यांना पाहुणे म्हणून बोलावले की पडद्याचा भाग म्हणून, हा प्रश्न त्यांच्या मनात येईल. आणि सेझेर यांच्या अस्वलाबद्दल मी वर लिहिलेच आहे.

त्यांना शेजारी म्हणून बोलवा. आमंत्रण देताना जसे गावातल्या इतर घरी जाता तसेच घरी जा, ‘सहकुटुंब या’ म्हणा, आणि चर्चेत त्यांना वाटले तर बोलतील, नाही वाटले तर नाही. त्याहून चांगले म्हणजे चित्रपट निवडणाऱ्या समितीतच त्यांच्यातील दोघा-तिघांना घ्या. खानापूरच्या त्या प्रदर्शनाला एक सिद्दी तरुण आला होता, तो ट्रॅक्टर चालवतो. चर्चेत त्याने विचारलेला प्रश्न आफ्रिकेबद्दलचा नव्हता. त्याने विचारले की, आदमने गल्लीच्या प्रमुखाला हप्त्याहप्त्याने पैसे देतो असे का नाही सांगितले? त्या संध्याकाळी विचारला गेलेला तो सर्वांत व्यवहारी प्रश्न होता, आणि त्यावर अर्धा तास वाद चालला. कर्ज, सावकार, बचतगट, गावच्या पुढाऱ्याचा दाब, सारे त्यात आले.

प्रश्न : आमच्या गावचे चित्रपटगृह बंद पडून बरीच वर्षे झाली. या चित्रपटानंतर लोक विचारत आहेत, पुढचा कोणता? (वाचनालयाच्या ग्रंथपाल, बेळगाव तालुका)

उत्तर : आधी एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला आवडेल. एन्जामेनातही ‘नॉर्मांडी’ नावाचे जुने चित्रपटगृह कित्येक वर्षे बंद पडलेले होते. हारून यांच्या याच चित्रपटाला २०१० मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले, देशात त्याचा मोठा आनंद झाला, आणि २०११ मध्ये ते चित्रपटगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडले.

पुढच्यासाठी माझ्या मनात तीन नावे आहेत. हारून यांचाच २०२१ सालचा ‘लिंगी’ हा आई आणि तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीचा चित्रपट आहे. आई जुन्या टायरमधून तारा ओढून काढते आणि त्यांच्या शेगड्या विणून विकते, तिचे ते हात पाहण्यासारखे आहेत. मुलीला दिवस गेलेले असतात, आणि ज्या समाजात त्यावर उपाय करायला मनाई आहे त्यात आई तिच्या बाजूने उभी राहते. हा चित्रपट सर्वांसमोर एकदम लावू नका. आधी महिला मंडळात दाखवा, शक्य झाल्यास एखाद्या डॉक्टर बाईंना बोलवा, आणि मोठ्या मुलींना आयांसोबत बसवा. अलँ गोमिस यांचा ‘फेलिसिते’ हा २०१७ चा चित्रपट काँगोच्या किन्शासा शहरातला; बारमध्ये गाणारी एक आई अपघातात जायबंदी झालेल्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे गोळा करत दारोदार फिरते. तो लांब आहे आणि सैल आहे, पण चांगला आहे.

तुमच्या गावासाठी माझी पहिली पसंती मात्र एका जुन्या चित्रपटाला आहे, सेनेगालच्या उस्मान सेंबेन यांच्या १९६८ च्या ‘मांदाबी’ला. सेंबेन आधी फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत. आपल्या माणसांना त्या वाचता येत नाहीत हे जाणवल्यावर ते चित्रपटाकडे वळले, आणि हा चित्रपट त्यांनी वोलोफ या लोकभाषेत केला. डाकारमधल्या एका गृहस्थाला, ज्याला दोन बायका आणि सात मुले आहेत, पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा मनीऑर्डर पाठवतो. ती वटवण्यासाठी ओळखपत्र हवे, ओळखपत्रासाठी जन्मदाखला हवा, फोटो हवा, आणि प्रत्येक खिडकीवरचा कागद फ्रेंचमध्ये. तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जात राहतो आणि वाटेत प्रत्येक जण त्याला थोडाथोडा लुटतो. ज्या गावातल्या म्हाताऱ्यांनी सातबारा आणि रेशनकार्डासाठी, आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीतला अर्ज हातात धरून, ‘जरा वाचून दाखव की’ म्हणत रांगेत उभे राहून दिवस काढले आहेत, त्या गावात तो लावा. उपशीर्षके तयार झाली की मला पाठवा, मी वाचून देईन.